दातातला दोरा

१

सोमवारी थिएटरला सुट्टी असे, आणि कपितोलिना येगोरोव्हना सोमवारीच सगळ्यांत खूश असे. शिवणखात्यात ती एकटी. नाचणाऱ्या पोरींची कटकट नाही, दिग्दर्शकाची आदळआपट नाही. कोट खुंटीला लावायचा, किटली ठेवायची, मधल्या बोटात पितळी अंगुस्तान चढवायचं आणि दांडीवरचे टुटू, म्हणजे बॅलेतले ताठ घेराचे पोशाख, मोजायचे. सव्वीस वर्षं हाच क्रम चालला होता.

टुटू दांडीवर उलटे टांगतात. घेर वर, चोळी खाली. सुलटे ठेवले तर जाळीचे बारा थर दोन दिवसांत मान टाकतात आणि तबकासारखा ताठ घेर उकडलेल्या कोबीसारखा लोंबायला लागतो. शाळेची मुलं थिएटर बघायला आली की हमखास विचारायची, हे उलटे का? वटवाघळं आहेत म्हणून, असं कपितोलिना सांगायची. मुलं हसली की मग खरं सांगायची. पूर्वी हा घोळ घोट्याच्या जरा वर असे, मलमलीचा, आणि गॅसच्या उघड्या दिव्यांवर पोरी त्यात जळून मरायच्या. पुढे नाचणारीच्या पावलांची करामत दिसावी म्हणून कुणी वीतभर कापला, गुडघे दिसावेत म्हणून आणखी कुणी कापला, असं करत करत तो कमरेवर येऊन आडवा झाला. "सगळा इतिहास कात्रीचा आहे," ती म्हणायची, "टाळ्या मात्र नाचणारीला."

त्या सोमवारी खिडकीपासूनचा तिसरा टुटू सुलटा होता.

तो मुख्य भूमिकेचा, पांढरा. त्याची चोळी युद्धाच्या वर्षांत लेनिनग्राडहून आलेल्या पेट्यांतली, केव्हाची जुनी. खालचा घेर तेवढा चारदा बदललेला. कमरपट्टीच्या आत एक फीत होती. ज्या पोरीला पोशाख मिळेल तिचं नाव फितीवर लिहायचं, आणि तो दुसरीकडे गेला की जुन्या नावावर रेघ मारून खाली नवं लिहायचं, असा रिवाज. नावं कपितोलिनाच लिही. ओली झाली की जांभळी उमटते आणि मग धुऊनही जात नाही त्या पेन्सिलीने, टोक जिभेवर टेकवून. फितीवर सहा नावांवर रेघा होत्या. सातवं नाव आदल्या आठवड्यातच लिहिलेलं होतं, ताइसिया. कपितोलिनाची मुलगी.

काल कुणीतरी घाईत टांगला असणार, तिने स्वतःला सांगितलं. टुटू उतरवताना तिचा हात चोळीच्या आत गेला. अस्तर कोमट होतं, नुकतंच कुणी अंगातून काढावं तसं. खिडकीखाली रेडिएटर होता, त्याचीच ऊब. तिने टुटू उलटा टांगला आणि चहा ओतून घेतला. चहा पिताना ती रेडिएटरला हात लावून आली. तो गार होता.

२

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, ताइसियाने पहिल्यांदा मुख्य भूमिका केली होती.

मुख्य भूमिकेतल्या पोरीला पोशाखात शिवतात. पाठीवर हुकांच्या दोन ओळी असतात, पण उड्या मारताना हूक दगा देतात. म्हणून हुकांवरून पक्के टाके घालायचे आणि प्रयोग संपला की कात्रीने कापून पोरीला बाहेर काढायची. आणि अंगावरचा कपडा शिवायचा झाला, तर ज्याच्या अंगावर सुई चालते त्याने दोऱ्याचा तुकडा दातात धरायचा, नाहीतर सुई कपड्याबरोबर आठवणही शिवून टाकते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. देवाचं नाव काढलं की नाक मुरडणारे युनियनचे सेक्रेटरीसुद्धा कोटाचं बटण लावून घेताना निमूट दोरा चावत उभे राहायचे.

फक्त कपितोलिनाला याचं हसू यायचं. तिने शाळेत रसायनशास्त्रात बक्षीस मिळवलं होतं आणि ते ती विसरली नव्हती, दुसऱ्यांनाही विसरू देत नव्हती. तरी ती कधी कुणाला अडवत नसे. चावा बापड्यांनो, माझा दोरा काही संपत नाही.

त्या रविवारी मात्र घाई होती. दुसरी घंटा झाली होती आणि दातातल्या दोऱ्याने ताइसियाची ओठांची लाली हनुवटीपर्यंत ओघळली होती. कपितोलिनाच्या तोंडात टाचण्या, बोटांना घाम. लेकीच्या पहिल्या प्रयोगाची धास्ती लेकीपेक्षा तिलाच जास्त. ती खेकसली.

"टाक तो दोरा तोंडातला. दोरा चावणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. माझ्या मुलीला तरी तो शोभत नाही."

ताइसियाने हसत दोरा थुंकला. "तू म्हणशील तसं, आई."

कोपऱ्यात इस्त्रीवाली ग्लाफिरा खळीचं घमेलं घेऊन उभी होती.  घमेलं खाली ठेवून तिने ॲप्रनला हात पुसले आणि बाहेर निघून गेली. प्रयोग फार सुंदर झाला. कपितोलिना विंगेत उभी राहून चक्क रडली.

त्यानंतर ताइसियाने दोरा कधीच धरला नाही. आईनेच सांगितलं होतं ना.

३

मायलेकी एका सामायिक घरातल्या एका खोलीत राहत. खोलीच्या मध्ये प्लायवूडची पातळ भिंत. नवरा नदीवर वाहत्या ओंडक्यांत सापडून मेला तेव्हा ताइसिया चार वर्षांची होती आणि तिला झोप लागत नसे. झोपण्याआधी ती टाचेने प्लायवूडवर दोनदा ठोकायची: आई, जागी आहेस? कपितोलिना अंगुस्तानाने दोनदा ठोकून उत्तर द्यायची: आहे. पोरगी बावीस वर्षांची झाली तरी हा खेळ सुटला नव्हता. भांडण झालेलं असलं तरी टकटक व्हायचीच, जरा रागाने. अंगुस्तान उशाशीच असे.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी टकटक झाली नाही. दमली असेल, कपितोलिनाने मनाशी म्हटलं. पुढच्या दिवशीही झाली नाही.

मोठी झाली, तिने समजूत काढली. कधीतरी व्हायचंच होतं. पण तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची थोडी लाजही वाटली.

४

नोव्हेंबरभर प्रयोग दर रविवारी होत राहिले, आणि दर सोमवारी तिसरा टुटू सुलटा सापडत राहिला. कपितोलिनाने खात्याला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवून पाहिली. पुढच्या सोमवारी टुटू सुलटाच.

ताइसिया आधी चमच्यांची जागा विसरली. मग जामचा डबा समोर असताना, मला कुठला जाम आवडतो गं, असं तिने विचारलं. मग लहानपणी पाळलेल्या कुत्र्याचा फोटो बघून, हे कुणाचं, म्हणाली. कपितोलिनाने थट्टेवारी नेलं. स्टार झालीस, आता आम्हाला कशाला ओळखशील!

एके दिवशी कोमट पाण्यात पाय सोडून बसली असताना ताइसियाने डावी टाच वळवून पाहिली. टाचेवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी त्रिकोणी डाग होता.

"हा कसला डाग आहे?"

कपितोलिनाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. पाच वर्षांची असताना ताइसिया शिवणखात्यात खेळत होती, कपितोलिनाने गरम इस्त्री क्षणभर खाली ठेवली आणि पोरीने मागे न बघता तिच्यावर पाय दिला. त्या डागाची गोष्ट घरात शंभरदा झाली होती. ताइसिया नेहमी म्हणायची, आईने माझ्यावर खूण करून ठेवलीय, हरवले तर सापडायला.

थिएटरच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, गुडघ्यावर हातोडी मारली आणि अतिश्रम असं निदान केलं. जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लिहून दिली. कपितोलिनाला ते पटलं, कारण तिला ते पटायला हवं होतं. जिला अडीच तासांचा नाच बोटाबोटासकट पाठ आहे, तिची आठवण जाईल कशी? पाऊल तर एकही चुकत नाही. उलट दर रविवारी ती अधिक हलकी नाचायची. समीक्षकानेही तसंच लिहिलं होतं: जणू तिच्यावर कसलंच ओझं नाही.

ते कात्रण कपितोलिनाने जपून ठेवलं, पण दुसऱ्यांदा वाचलं नाही.

५

सोमवारी दुपारी ती एका चोळीचं अस्तर उसवत बसली होती. बाहेर बर्फ, खोलीत घड्याळाचा आवाज. विचार करताना अंगुस्तानाने टेबलावर ठोकायची तिला सवय होती. तिने दोनदा ठोकलं.

खिडकीकडून दोनदा उत्तर आलं.

नळ, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. जुन्या इमारतीत नळ ठोकतात, पाणी तापलं की धातू फुगतो, हे तिने स्वतः कितीतरी जणांना समजावलं होतं. तिने तीनदा ठोकलं. काहीच नाही. चारदा ठोकलं. काहीच नाही. तिने बराच वेळ वाट पाहिली, दोरा ओवला, मग एकदम, जणू सहज, दोनदा ठोकलं.

दोनदा उत्तर आलं. लाकडावर टाच आपटावी तसं, मऊ आणि जरा रागाने.

कपितोलिना उठली. नळाला हात लावला, खिडकीची कडी पाहिली, दांडीखालची फरशी पाहिली. उलट्या टुटूंचे घेर तिच्या डोक्यावर ओळीने पसरले होते आणि त्यांतला एकच, तिसरा, हलत होता. दाराच्या फटीतून वारा येत असेल. तो सकाळीच तिने उलटा करून टांगला होता. आता सुलटा होता.

ती कोट न घालता बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. थंडीने दात वाजायला लागल्यावरच परत आत आली.

६

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी लापशी खाताना ताइसिया म्हणाली, "जरा मीठ देता का?"

कपितोलिनाला वाटलं, चेष्टा आहे. लेक आईला अहोजाहो करते म्हणजे आता नाटकीपणाने मुजराही करील. तिने मीठ पुढे सरकवलं आणि हसायची तयारी केली. ताइसियाने मान लववून आभार मानले. परक्यांच्या घरी बसतात तसं ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. थोड्या वेळाने तिने अगदी अदबीने विचारलं, "तुम्ही इथे बरीच वर्षं राहता का?"

कपितोलिना तशीच उठून ग्लाफिराकडे गेली. ग्लाफिरा थिएटरच्या तळघरात खळ शिजवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही, दोरा थुंकायला तूच सांगितलंस, असं म्हणाली नाही. कपितोलिनाला वाटलं, म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"मला शास्त्रबिस्त्र कळत नाही, कपितोलिना," ग्लाफिरा पळी फिरवत म्हणाली. "उद्या तिला दोरा धरायला लाव. एवढंच मला ठाऊक आहे."

"आणि गेलेलं परत येतं?"

ग्लाफिराने खळीतल्या गुठळ्या दाबल्या. "आत्ता आहे तेवढं तरी राखशील की नाही?"

७

रविवारी दुपारी ताइसिया पाठ करून उभी राहिली. कपितोलिनाने हूक लावले, सुई ओवली, दोऱ्याचा तुकडा तोडून पुढे धरला.

"हा दातात धर, तास्या."

ताइसियाने वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी माणसाला नाही म्हणताना येतो तो संकोच होता.

"माफ करा, मी धरत नाही," ती म्हणाली. "दोरा चावणं हा निव्वळ अडाणीपणा आहे."

"कोणी सांगितलं तुला?"

ताइसिया विचारात पडली. भुवया जवळ आल्या, ओठ हलले. "आठवत नाही. पण कुणीतरी सांगितलं होतं, माझ्या फार जवळच्या माणसाने. तेवढं एक मी सोडणार नाही."

कपितोलिनाने तिला विनवलं. मीच ती, मीच सांगितलं, मूर्ख होते मी, असंही सांगून पाहिलं. ताइसिया मागे सरकली आणि सौम्यपणे म्हणाली की बरं वाटत नसेल तर तुम्ही बसा, मी दुसऱ्या कुणाला बोलावते शिवायला. दुसरी घंटा झाली. दुसरी कुणी आली असती तर तिनेही दोऱ्याशिवायच शिवलं असतं.

तेव्हा कपितोलिनाने तो तुकडा स्वतःच्या दातात धरला. कुणीतरी धरायला हवाच ना. शास्त्रात बक्षीस मिळवलेली बाई दोरा चावत टाके घालू लागली आणि प्रत्येक टाक्याला मनात लेकीचं नाव घेत राहिली. शेवटची गाठ मारून झाली तरी तिने दोरा सोडला नाही. ती पोशाखात आहे तोवर सोडायचा नाही, असं तिने स्वतःच ठरवलं. संगीत सुरू झालं. ताइसिया उजेडात निघून गेली.

८

विंगेत उभं राहिलं तर कुणीतरी बोलायला लावणार, म्हणून कपितोलिना ओठ घट्ट मिटून शिवणखात्यात येऊन बसली. अडीच तास गप्प बसायचं, एवढंच. भिंतीपलीकडून वाद्यांचा आवाज येत होता. दांडीवर तिसरी जागा रिकामी होती, कारण तो टुटू रंगमंचावर होता. ते बघून तिला धीर आला.

टकटक. दोनदा.

तिने उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. पुन्हा दोनदा. मग पुन्हा, घाईने. अंधाराची भीती वाटणारी पोर झोप येत नसली की अशीच ठोकायची. अंगुस्तान आपोआप टेबलावर दोनदा वाजलं.

"आई, जागी आहेस?"

आवाज उलट्या टुटूंच्या ओळीमागून आला. चोळ्या जिथे संपत होत्या आणि फरशी सुरू होत होती, त्या हातभर मोकळ्या जागेत, रिकाम्या जागेखाली, दोन अनवाणी पावलं उभी होती. लहान, पाच वर्षांच्या मुलीची. एक पाऊल दुसऱ्यावर घासत होतं, थंडीने. ते उचललं गेलं तेव्हा टाच दिसली आणि टाचेवरचा तपकिरी त्रिकोण दिसला.

कपितोलिना किंचाळली नाही. तिला भीती वाटली. आणि त्याच वेळी, सहा आठवड्यांत पहिल्यांदा, तिला बरं वाटलं. हेच सगळ्यांत भयंकर होतं.

"मग बोलत का नाहीस?" आवाज म्हणाला. "इथे मला कुणी नावाने हाक मारत नाही. माझं नाव काय आहे, आई?"

दातात दोरा होता. कपितोलिनाने तोंडावर हात दाबला. भिंतीपलीकडे संगीत चढत होतं, शेवटचा भाग जवळ आला होता, थोडाच वेळ राहिला होता. पावलं बोटांवर उंचावली. आवाज आता रडायला लागला होता, हुंदका दाबत, नवरा गेला त्या हिवाळ्यात ती पोर रडायची तसा.

"मला आठवत नाहीये. सांग ना."

"तास्या," कपितोलिना म्हणाली. "ताइसिया. माझी तास्या."

दोरा पडला. तिला कळलं तशी ती गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायला लागली. शिवणखात्याची फरशी ती. सव्वीस वर्षांचे दोरे तिथे पडलेले, पांढरे, हजारो, सगळे सारखे. तिने मुठी भरभरून उचलले आणि तोंडात कोंबले. मान वर केली तेव्हा पावलं ओळीच्या बाहेर, एक पाऊल पुढे आलेली होती. त्यांच्या वर तिने पाहिलं नाही.

पलीकडे टाळ्यांचा गडगडाट झाला.

९

ताइसिया दारात आली. तिच्या गालांवर घाम आणि चेहऱ्यावर छान, मोकळं हसू होतं. ती पाठ करून उभी राहिली. कपितोलिनाने तोंडातले दोरे काढले, कात्री घेतली आणि एकेक टाका कापला.  टुटू फरशीवर उतरला.

ताइसिया त्यातून बाहेर पडून त्याच्याकडे बघत राहिली.

"बाहेर सगळे कुणाला तरी हाका मारताहेत," ती म्हणाली. "फुलं घेऊन उभे आहेत. मी कोण म्हणून जाऊ? या पोशाखात नाव असेल ना? बघता का जरा?"

कपितोलिनाने कमरपट्टी उलटी केली. फितीवर सात नावं होती आणि सातही नावांवर रेघा होत्या. शेवटची रेघ जांभळी, अजून ओली. हात कुणाचा, हा प्रश्नच नव्हता; इतकी सरळ रेघ थिएटरात एकच बाई मारत असे. तिने जीभ टाळूला लावली. पेन्सिलीची कडवट चव होती, पण रेघ मारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"काय लिहिलंय?" ताइसियाने विचारलं.

कपितोलिनाने स्वतःची शाल काढून त्या कुडकुडणाऱ्या पोरीच्या खांद्यांवर घातली. तिला नाव सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात दांडीच्या बाजूने टकटक झाली. दोनदा.

ताइसियाने तिकडे पाहिलंही नाही. तिला आता त्या खेळातलं काही ठाऊक नव्हतं.

कपितोलिनाने पोरीच्या पाठीवर एक हात तसाच ठेवला, आणि दुसऱ्या हाताने, अंगुस्तानाने, टेबलावर दोनदा ठोकलं. दांडीमागची पोर जागी होती. उत्तर द्यायलाच हवं होतं.